शेअर विकले, मग पैसे हातात कधी येणार? नवीन ट्रेडरसाठी सेटलमेंटचं सगळं गणित

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. माझ्या लहान बहिणीने दुपारी शेअर विकले, ४८ हजारांचे. मुलाच्या क्लासची फी भरायची होती, शेवटची तारीख गुरुवार. तिचं गणित सरळ होतं, आज विकले, उद्या बुधवारी सेटल होतील, गुरुवारी सकाळी बँकेत. बुधवारी रात्री तिचा फोन आला, "दादा, ॲपमध्ये पैसे दिसून राहिले पण काढायला गेली तर शून्य दाखवते, माझे पैसे गेले का रे?" आवाज रडवेला झाला होता तिचा. पैसे कुठेच गेले नव्हते. बुधवारी १९ तारीख होती, शिवजयंती. बाजार चालू होता पण महाराष्ट्रात बँका बंद, म्हणून सेटलमेंट बंद. तिचा मंगळवारचा सौदा गुरुवारी सेटल झाला अन् पैसे खात्यात शुक्रवारी आले. फी मी भरली, तो विषय मिटला, पण इतकी साधी गोष्ट तिला खातं उघडताना कोणीच सांगितली नव्हती याचं मला खरंच वाईट वाटलं. नागपुरात माझ्या ओळखीतले कितीतरी जण, मिहानमधली नोकरीवाली पोरं, गांधीबागेतले दुकानदार, रिटायर झालेले काका, सगळे आता मोबाईलवर ट्रेड करून राहिले अन् बहुतेकांना खरेदी-विक्रीचं बटण माहीत आहे, त्या बटणामागे काय होतं ते माहीत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी सेटलमेंट म्हणजे काय ते नीट समजा

कळमना मार्केटला कधी गेले असाल तर हे लगेच कळेल. संत्र्याचा लिलाव होतो, भाव ठरतो, तो झाला सौदा. पण सौदा ठरला म्हणजे पैसे खिशात आले असं नाही. मग काटा होतो, माल दुसऱ्याच्या ताब्यात जातो, हिशोबपट्टी बनते आणि मग पैसे मिळतात. शेअर बाजारात पण हेच. तुम्ही बटण दाबता तेव्हा फक्त सौदा होतो. माल म्हणजे शेअर एका डिमॅटमधून (शेअर ठेवायचं खातं) दुसऱ्या डिमॅटमध्ये जाणं आणि पैसे इकडून तिकडे जाणं, याला सेटलमेंट म्हणतात. मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन, म्हणजे ही देवाणघेवाण पुरी करून देणारी संस्था, उभी असते, एनएसई या एक्स्चेंजची एनएसई क्लिअरिंग आणि बीएसईची आयसीसीएल. शेअर ठेवणाऱ्या संस्था दोन, एनएसडीएल आणि सीडीएसएल. ब्रोकर हा आडत्या समजा, माल त्याचा नाही, पैसे पण त्याचे नाहीत.

आपल्याकडे सध्या टी+१ चालतं. टी म्हणजे ज्या दिवशी सौदा झाला तो दिवस, त्यानंतरचा एक कामाचा दिवस म्हणजे टी+१. २००३ च्या एप्रिलपासून आपल्याकडे टी+२ होतं, मग फेब्रुवारी २०२२ पासून टप्प्याटप्प्याने शेअर टी+१ मध्ये आणले आणि २७ जानेवारी २०२३ पासून सगळेच शेअर टी+१ झाले. अमेरिकेने हे आपल्यानंतर केलं, २८ मे २०२४ ला. जुने व्हिडिओ किंवा लेख बघाल तर त्यात टी+२ असेल, ते सोडून द्या.

मार्च २०२४ पासून टी+० पण सुरू झालंय, म्हणजे त्याच दिवशी सेटलमेंट. सुरुवात २५ शेअरपासून झाली. ते ऐच्छिक आहे, नवीन माणसाने त्याच्या मागे लागायची गरज नाही असं माझं मत.

पहिली स्टेप: कॅलेंडर

हे मी सगळ्यात आधी ठेवतोय कारण बहुतेक लोक इथेच फसतात. सुट्ट्या दोन प्रकारच्या असतात. एक ट्रेडिंग हॉलिडे, त्या दिवशी बाजारच बंद. दुसरा सेटलमेंट हॉलिडे, म्हणजे बाजार चालू, तुम्ही खरेदी-विक्री करू शकता, पण बँका बंद असल्यामुळे पैसे-शेअर हलत नाहीत. १९ फेब्रुवारीची शिवजयंती कामाच्या दिवशी आली की हे होतं, १ एप्रिलला बँकांचं वर्षअखेरचं काम असतं तेव्हा पण. एनएसई आणि बीएसईच्या साईटवर ट्रेडिंगची आणि क्लिअरिंगची अशा दोन वेगवेगळ्या याद्या असतात. दोन्ही काढा.

मी बहिणीला घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं, तेच ज्यावर ती दुधाचे खाडे लिहिते, आणि त्यावर लाल पेनाने ट्रेडिंग हॉलिडे आणि निळ्या पेनाने सेटलमेंट हॉलिडे मार्क केले. वीस मिनिटांचं काम आहे. आता मोजायची पद्धत अशी, विकायच्या दिवसावर बोट ठेवायचं, शनिवार-रविवार सोडायचे, लाल सोडायचे, निळे पण सोडायचे, पुढचा जो कोरा दिवस येईल तो तुमचा सेटलमेंटचा दिवस. पैसे बँकेत यायला त्याच्या पुढचा आणखी एक कामाचा दिवस धरा. शुक्रवारी विकले तर सोमवारी सेटल, बँकेत सोमवारी रात्री किंवा मंगळवारी. कधी लवकर येतील, पण फी, हप्ता, दवाखाना असं काही असेल तर लवकरच्या आशेवर राहू नका.

दुसरी स्टेप: पैसे टाकताना

ब्रोकरच्या खात्यात पैसे फक्त तुमच्या स्वतःच्या, तिथे नोंदवलेल्या बँक खात्यातूनच टाकायचे. नवऱ्याच्या यूपीआयवरून बायकोच्या ट्रेडिंग खात्यात, असं चालत नाही. पैसे अडकतात, परत जातात आणि तेवढ्यात तुमचा भाव निघून जातो.

डिलिव्हरीसाठी, म्हणजे डिमॅटमध्ये ठेवायला, शेअर घेताना बरेचसे ब्रोकर पूर्ण रक्कम आधीच मागतात आणि हे चांगलं आहे. काही ठिकाणी थोडे पैसे भरून घेता येतं, बाकीचे टी+१ पर्यंत द्यायचे. ते नाही दिले तर खात्यात उधारी दिसते, त्यावर व्याज लागतं आणि तुमचे शेअर ब्रोकरच्या नावाने प्लेज म्हणजे गहाण होऊन राहतात, काही दिवसांत पैसे नाही आले तर तो ते विकू शकतो, तेव्हा भाव काय आहे हे तो तुम्हाला विचारत बसणार नाही. नवीन आहात ना, मग खात्यात जेवढे आहेत तेवढ्याचेच घ्या. चार्जेससाठी थोडे जास्त ठेवा, डिलिव्हरीत खरेदीवर पण आणि विक्रीवर पण ०.१ टक्के एसटीटी (सौद्यावरचा कर) लागतो, खरेदीवर ०.०१५ टक्के स्टॅम्प ड्युटी, वरून ब्रोकरेज असेल तर ते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.

आता एक सोय अशी पण आलीये की पैसे तुमच्या बँकेतच यूपीआयने ब्लॉक करून ठेवायचे अन् सौदा झाला तरच ते कापले जातात, आयपीओत (कंपनी पहिल्यांदा शेअर विकते तेव्हा) होतं तसं. तुमचा ब्रोकर देत असेल तर बघा.

तिसरी स्टेप: घेतलेले शेअर डिमॅटमध्ये कधी?

समजा सोमवारी घेतले. ॲपमध्ये ते लगेच दिसतात, पण डिमॅटमध्ये नसतात. बऱ्याच ॲपमध्ये बाजूला टी१ असं छोटं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच. मंगळवारी दुपारी साडेतीनच्या आसपास क्लिअरिंग कॉर्पोरेशन शेअरचा पेआउट करते आणि आता ते ब्रोकरच्या खात्यात न थांबता थेट तुमच्या डिमॅटला येतात. मधे ब्रोकरच्या हातात माल राहतच नाही, सामान्य माणसासाठी ही फार मोठी सुरक्षितता आहे.

संध्याकाळी सीडीएसएल किंवा एनएसडीएलचा मेसेज येतो. तो वाचत जा. सौद्याच्या दिवशी कॉन्ट्रॅक्ट नोट मेलवर येते, ती म्हणजे तुमची सौदापट्टी. पहिल्या दहा सौद्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट तरी उघडून ओळ न ओळ वाचा, सेटलमेंट नंबर आणि तारीख त्यात लिहिलेली असते, मग कोणाला विचारायची गरजच नाही.

डिव्हिडंड किंवा बोनससाठी घेत असाल तर एक्स-डेट, म्हणजे ज्या दिवसापासून घेणाऱ्याला तो लाभ मिळत नाही, त्याच्या आधी, निदान एक ट्रेडिंग दिवस आधी घ्यायला पाहिजे. टी+१ आल्यापासून एक्स-डेट अन् रेकॉर्ड डेट (कंपनी लाभासाठी भागधारकांची यादी बघते तो दिवस) साधारण एकाच दिवशी असतात. एक्स-डेटच्या दिवशी घेतले तर डिव्हिडंड विकणाऱ्याला मिळेल, तुम्हाला नाही.

चौथी स्टेप: विकताना

डिमॅटमधले शेअर विकायला तुमची परवानगी लागते. एक तर डीडीपीआय म्हणजे एकदाच सही करून दिलेली मर्यादित परवानगी, नाहीतर दरवेळी टीपिन (विक्रीच्या परवानगीचा गुप्त नंबर) आणि ओटीपी. जुन्या पॉवर ऑफ ॲटर्नीची जागा डीडीपीआयने घेतली. टीपिनवाल्यांनी सकाळी बाजार उघडायच्या आधी ऑथराइज करून ठेवलेलं बरं, भाव पडत असताना ओटीपी नाही आला की हात थरथरतात, हे मी पाहिलंय.

विकले की शेअर तुमच्याच डिमॅटमध्ये ब्लॉक होतात अन् सेटलमेंटला निघून जातात. विक्रीचे पैसे त्याच दिवशी फंड्समध्ये दिसतात आणि बहुतेक ब्रोकर ते पूर्ण किंवा त्यातला मोठा भाग लगेच दुसरे शेअर घ्यायला वापरू देतात. पण काढायला देत नाहीत. वापरता येणारे आणि काढता येणारे, हे दोन वेगळे आकडे आहेत. माझी बहीण नेमकी इथेच घाबरली होती. ॲपमध्ये फंड्सच्या पानावर "विथड्रॉ करता येणारी रक्कम" असा वेगळा आकडा असतो, तो बघायचा, वरचा मोठा हिरवा आकडा नाही.

काढायची रिक्वेस्ट टाकायची पण वेळ असते, प्रत्येक ब्रोकरची वेगळी. ती वेळ उलटली की रिक्वेस्ट दुसऱ्या दिवसाच्या गठ्ठ्यात जाते. आपल्या ब्रोकरची वेळ कोणती हे एकदा शोधून फोनमध्ये लिहून ठेवा.

इंट्राडे म्हणजे त्याच दिवशी घेऊन-विकून मिटवलेला सौदा, त्याचा नफा पण असाच, आज कमावला तो आज काढता येत नाही. तोटा मात्र आजच वजा होतो.

अजून एक बारीक गोष्ट, फार लोकांना माहीत नाही. तुमच्याकडे जुने १०० शेअर आहेत, सकाळी विकले आणि दुपारी भाव उतरला म्हणून तेच १०० त्याच एक्स्चेंजवर परत घेतले, तर सेटलमेंटच्या दृष्टीने डिमॅटमधून काही गेलंच नाही. तो सौदा इंट्राडे धरला जातो. मार्च महिन्यात टॅक्ससाठी तोटा बुक करायला, म्हणजे तोट्यात विकून तो तोटा टॅक्समध्ये दाखवायला म्हणून लोक असं करतात अन् समजतात की जुने विकले गेले. गेले नाहीत. खरंच तोटा बुक करायचा असेल तर आज विका आणि दुसऱ्या ट्रेडिंग दिवशी घ्या.

पाचवी स्टेप: आज घेतले, उद्या विकले, इथे सावध राहा

याला बीटीएसटी म्हणतात, बाय टुडे सेल टुमॉरो. सोमवारी घेतले, मंगळवारी सकाळी भाव चढला, विकून टाकले. बटण दाबता येतं म्हणून लोकांना वाटतं की त्यात काही धोका नाही. पण मंगळवारी सकाळी ते शेअर तुमच्या डिमॅटमध्ये आलेलेच नव्हते! सोमवारी ज्याने तुम्हाला विकले त्याने मंगळवारी माल दिला तर सगळं ठीक. त्याने नाही दिला तर त्याची शॉर्ट डिलिव्हरी होते आणि मग तुम्ही ज्याला मंगळवारी विकले त्याला द्यायला तुमच्याकडे पण माल नाही. साखळी लागते.

शॉर्ट डिलिव्हरी झाली की एक्स्चेंज ऑक्शन करते, म्हणजे बाजारातून तेवढे शेअर बोली लावून घेते आणि खरेदीदाराला देते, खर्च माल न देणाऱ्याच्या माथी. ऑक्शनमध्ये भाव आदल्या बंद भावाच्या २० टक्के वरपर्यंत जाऊ शकतो. ऑक्शनमध्ये पण कोणी विकायला आलंच नाही तर क्लोज-आउट होतं, तिथे सौद्याच्या दिवसापासून ऑक्शनच्या दिवसापर्यंतचा सगळ्यात वरचा भाव किंवा ऑक्शनच्या दिवशीच्या बंद भावाच्या २० टक्के वर, यातला जो जास्त तो लागतो.

आकडे घालून बघा म्हणजे मनावर ठसेल. समजा कोणी इंट्राडेमध्ये ५० शेअर ६०० रुपयांनी आधी विकले, जवळ नसताना, वाटलं की भाव पडला की घेऊ. शेअरला लागलं अप्पर सर्किट, म्हणजे भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला टेकला, घ्यायला कोणी विक्रेताच नाही, साडेतीन वाजले. दुसऱ्या दिवशी ऑक्शनमध्ये ते ६५५ ला घेतले गेले तर तोटा २,७५० रुपये, वरून पेनल्टी. ऑक्शनमध्ये मिळाले नाहीत अन् त्या दिवशीचा बंद भाव ६४० असेल तर क्लोज-आउट निदान ७६८ ला होईल, म्हणजे ८,४०० रुपयांचा तोटा, ३० हजारांच्या सौद्यावर. म्हणून ज्या शेअरमध्ये रोज सर्किट लागतात त्यात आधी विकायचा खेळ करू नका, बीटीएसटी पण करू नका. ट्रेड-टू-ट्रेडमधल्या शेअरला तर इंट्राडे चालतच नाही, प्रत्येक सौद्याला डिलिव्हरी द्यावी-घ्यावीच लागते, तिथे माल डिमॅटमध्ये आल्याशिवाय विकायचा विचार पण नको.

खरेदीदार म्हणून तुमच्या वाट्याला शॉर्ट डिलिव्हरी आली, म्हणजे घेतलेले शेअर टी+१ ला आले नाहीत, तर घाबरू नका. एक दिवस थांबा. ऑक्शनमधून शेअर येतात, नाहीतर क्लोज-आउटचे पैसे येतात.

बीटीएसटी करून आलेले पैसे बऱ्याच ब्रोकरकडे त्याच दिवशी नवीन खरेदीला पण वापरता येत नाहीत. आणि सेटलमेंट हॉलिडेच्या आसपास बीटीएसटी पूर्ण टाळा, कारण दोन दिवसांचे सौदे एकाच दिवशी सेटल होतात आणि आदल्या दिवशी घेतलेले त्या दिवशी विकायला अडचण येते.

एफ अँड ओ म्हणजे फ्युचर-ऑप्शनवाल्यांसाठी, थोडक्यात पण लक्ष देऊन

कॅश सेटलमेंट, म्हणजे माल न देता फक्त पैशांत हिशोब मिटवणं, हा शब्द खरा इथला आहे. निफ्टी, बँक निफ्टी, सेन्सेक्स यांचे फ्युचर आणि ऑप्शन (पुढच्या तारखेचे करार) एक्सपायरीला, म्हणजे कराराच्या शेवटच्या दिवशी, रोखीत मिटतात, फरकाचे पैसे येतात किंवा जातात, कारण निफ्टी नावाचा माल कोणी कोणाला देऊ शकत नाही. पण एकेका कंपनीच्या शेअरचे फ्युचर-ऑप्शन ऑक्टोबर २०१९ पासून सगळेच फिजिकल सेटलमेंटचे आहेत, म्हणजे खरे शेअर द्यावे-घ्यावे लागतात. तुम्ही चार हजारांचा कॉल (ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क) घेतला, एक्सपायरीला तो इन द मनी राहिला, म्हणजे बाजारभाव त्या ठरलेल्या भावाच्या वर राहिला, आणि तुम्ही विकला नाही, तर अख्ख्या लॉटचे (करारातल्या ठरलेल्या संख्येचे) शेअर घ्यायला पाहिजेत, रक्कम काही लाखांत जाते. एक्सपायरी जवळ आली की मार्जिन, म्हणजे तारण म्हणून ठेवायची रक्कम, पण रोज वाढत जातं. नवीन माणसाने शेअरच्या ऑप्शनमध्ये एक्सपायरीच्या आठवड्यात राहूच नये, माझं तरी हे ठाम मत आहे. आणि खरं सांगू का, पहिलं वर्षभर एफ अँड ओ नकोच.

अमेरिकेच्या नियमांची भेसळ करू नका

इंग्रजी व्हिडिओ बघून बरीच पोरं विचारतात, "भाऊ, गुड फेथ व्हायोलेशन लागते का?" तो नियम तिकडचा. तिथे कॅश अकाउंटमध्ये तुम्ही एक शेअर विकला, त्याचे पैसे सेटल व्हायच्या आधी त्याच पैशांनी दुसरा घेतला आणि ते पैसे सेटल व्हायच्या आतच तो पण विकून टाकला, तर ते उल्लंघन धरतात. आणि पैसे न भरताच घेऊन त्याच शेअरच्या विक्रीतून खरेदीचे पैसे चुकते केले तर त्याला फ्री रायडिंग म्हणतात, त्यात खातं ९० दिवस बांधलं जातं, म्हणजे आधी सेटल झालेले पैसे असतील तरच खरेदी. मिहानमधल्या ज्यांना अमेरिकन कंपनीचे शेअर मिळतात किंवा जे ॲपवरून तिकडचे घेतात, त्यांनी हे लक्षात ठेवायचं आणि सरळ एक सवय लावायची, सेटल झालेल्या पैशांनीच घ्यायचं. एनएसई-बीएसईवर अशा नावाचा नियम नाही, इथे मार्जिन आणि शॉर्ट डिलिव्हरीचे नियम आहेत, शॉर्ट डिलिव्हरीचे वर सांगितले.

अचानक पैसे बँकेत आले तर

दर तिमाहीला किंवा महिन्याला, तुम्ही खातं उघडताना जे निवडलं असेल त्याप्रमाणे, ब्रोकरला तुमचे पडून असलेले पैसे बँकेत परत पाठवावेच लागतात. साधारण पहिल्या शुक्रवारी-शनिवारी हे होतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा नियम आहे, तुमचे पैसे ब्रोकरकडे वर्षानुवर्षं पडून राहू नयेत म्हणून. माझ्या शेजारच्या काकांना वाटलं खातं बंद केलं, सोमवारी बाजार उघडला आणि घ्यायला पैसेच नाहीत. त्या शनिवारी बँक बघा आणि लागत असतील तर परत टाका.

पैसे खरंच आले नाहीत तर काय करायचं

आधी कॅलेंडर बघा, मग लेजर, म्हणजे ब्रोकरकडच्या तुमच्या खात्याचा जमा-खर्च, डाउनलोड करा. लेजरमध्ये विक्रीची रक्कम सेटलमेंटच्या तारखेला जमा दिसते का? दिसत असेल आणि तुम्ही रिक्वेस्ट टाकली असेल तर बँकेचं स्टेटमेंट बघा, कधीकधी दुसऱ्याच नोंदवलेल्या खात्यात गेलेले असतात. लेजरमध्येच नसेल तर ब्रोकरला लेखी तक्रार, ॲपमधून तिकीट किंवा मेल, फोनवर भांडू नका, फोनचा पुरावा तुमच्या हातात राहत नाही. कॉन्ट्रॅक्ट नोट, लेजर, बँकेचं स्टेटमेंट आणि डिमॅटचा मेसेज, या चार गोष्टी जोडा. उत्तर समाधानकारक नसेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार टाका, पॅन नंबरने नोंदणी होते, फुकट आहे, आणि २१ दिवसांत कारवाईचा अहवाल द्यावा लागतो. त्यानेही नाही सुटलं तर स्मार्ट ओडीआर म्हणून ऑनलाइन लवादाची सोय आहे. कोणी व्हॉट्सॲपवर "तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, आधी एवढे भरा" म्हणालं तर तो नंबर तिथल्या तिथे ब्लॉक करा. स्वतःचे सेटल झालेले पैसे काढायला कोणालाही आगाऊ काही द्यावं लागत नाही.